स्वच्छ उंदीर

पडद्यावर तिसऱ्यांदा तेच उमटलं : 'दोन्ही गटांत फरक नाही. रसायन निर्धोक.'

शाल्मली खुर्चीतून उठली, पुन्हा बसली. सगळ्या उंदरिणींच्या पोटात तिनेच गर्भाशयाच्या अस्तराचे कण रोवले होते. अर्ध्या उंदरिणींना स्त्री-संप्रेरकाची नक्कल करणारं, प्लॅस्टिकमधलं रसायन पाजलं होतं, अर्ध्यांना नाही. न पाजलेल्यांच्या पोटातले कण सुकायला हवे होते. तेही फोफावले होते. बायकांच्या पोटात असेच कण फोफावले की दर पाळीला असह्य कळा येतात. पिंजरे काचेचे, भांडी स्टीलची, पाणी हिमनदीचं, तरीही!

"मॅडम, सही करून टाका," सहकारी तडवी कंटाळून म्हणाला. "सगळ्या प्रयोगशाळांत हेच येतंय."

"अहो, न पाजताच ते सगळ्यांच्या अंगात भिनलंय. मग फरक दिसणार कसा? ताडून बघायला एक तरी स्वच्छ उंदीर द्या मला!"

"कुठून देऊ? असा उंदीर आता पृथ्वीवर उरलेला नाही."

तेवढ्यात फोन वाजला. लेक शाळेतून बोलत होती.

"आई, पोटात फार कळा येतायत गं. उभंही राहवत नाही. इथलं तपासणीचं यंत्र म्हणतं, सगळ्या मुलींसारखंच आहे, नॉर्मल आहे."

"अगं केतकी, या वयात सगळ्यांच्याच पोटात..."

हेच शाल्मली लेकीला दर महिन्याला ऐकवायची. तिची आईही तिला हेच ऐकवायची. पडद्यावर सहीची चौकट लुकलुकत होती.

तिने पर्स उचलली.

"निघालेच मी. आणि ऐक, नॉर्मल आहे असं कुणीही म्हणालं तरी मानू नकोस. मी म्हणाले तरीसुद्धा."