डावा गुडघा

"ए पोरा, जरा माझी पाठ चोळून दे. मग मी तुझी चोळतो."

मागे वळूनही न बघता योमने अंग घासायचा खरबरीत हातमोजा पाठीमागे धरला. योम म्हणजे बाजारातल्या कोंबडीच्या हॉटेलचा मालक. गावच्या सार्वजनिक न्हाणीघरात अनोळखी माणसाची पाठ चोळायची, यात नवल काहीच नाही. पण बाजूच्या टेबलावर गिऱ्हाइकाचं अंग घासणाऱ्या हामच्या कपाळाला आठी पडली. योमने न ओळखता नेमकं इन-ग्यूला गाठलं होतं. गावच्या संघाने कप्तान विकून आणलेला फुटबॉलपटू, वय वर्षं एकवीस.

इन-ग्यू बुटक्या स्टुलावर बसला आणि चोळू लागला.

त्याचा दुखरा डावा गुडघा दर मंगळवारी हामच्याच हाताखालून जायचा. आज थोड्या वेळापूर्वीच टेबलावर पालथा पडून तो म्हणाला होता, "दुखणं दाबायचं इंजेक्शन घेऊन शनिवारी खेळलो तर गुडघा कायमचा जाईल म्हणतात डॉक्टर. दुपारी प्रशिक्षकांना नाही म्हणून सांगतो." हामला केवढं हायसं वाटलं होतं.

"मॅच बघतोस का रे?" योमने विचारलं.

"हो."

"मग तूच सांग. वर्षभरात चार मॅच खेळलाय तो पठ्ठ्या. गोल किती? भोपळा! चांगला कप्तान घालवला आणि हे काचेचं भांडं आणून ठेवलं. आमच्या वेळी पाय मोडला तरी पोरं धावायची. जरा खाली चोळ, हां, तिथेच. हात चांगला आहे तुझा."

हामच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या वेळी म्हणे! इथला जिना चढताना तीनदा थांबतो हा माणूस, आणि गप्पा धावायच्या.

पाळी बदलली. योम इन-ग्यूची पाठ घासू लागला, ती लालबुंद होईपर्यंत. "दुखतंय म्हणे. नाटकं सगळी. जेवताना बरं दुखत नाही."

इन-ग्यू उठायला गेला. गुडघा सरळ होईना. त्याने भिंतीला हात टेकला तेव्हा योमला गुडघ्यावरचे शस्त्रक्रियेचे तीन लांब व्रण दिसले. मग त्याने वर चेहऱ्याकडे पाहिलं.

आता तरी लाजेल मेला, असं हामला वाटलं.

"अरे, तू होय!" योमचा चेहरा फुलला. "बोलायचं नाहीस का? मनावर घेऊ नकोस हं, आपल्याच माणसाला माणूस बोलतो. शनिवारी उतरणार ना? तुझ्या नावाचे शर्ट घालून पोरांना आणतोय मी."

इन-ग्यूने भिंत धरूनच कमरेत वाकून मान झुकवली. "हो."

योम खुशीत गरम पाण्याच्या हौदाकडे गेला. हाम गिऱ्हाईक तसंच साबणात टाकून पुढे आला.

"हो काय, हो? मघाशी काय ठरलं होतं तुझं?"

"मोठे आहेत ते, काका. मोठ्या माणसाला तोंडावर नाही कसं म्हणायचं? आणि प्रशिक्षकांना तर मुळीच नाही."

"मीही मोठाच आहे. त्याच्याहून दहा वर्षांनी. मी सांगतो ते ऐक. शनिवारी उतरायचं नाही. कळलं?"

इन-ग्यूने भिंत सोडली नाही. तसाच कमरेत वाकला.

"हो, काका," तो म्हणाला. अगदी त्याच आवाजात.