बालविभागाची खरेदी

नवी खोकी उघडून झाली, तरी ग्रंथपाल वृषाली कांबळींना त्यांत मुलांचं एकही पुस्तक सापडलं नाही. गावच्या वाचनालयाची खरेदी आता संगणकातली यंत्रणाच करायची. पुढच्या काही वर्षांत कोण काय वाचेल, हे ती गावातल्या सगळ्या नोंदी चाळून आधीच ओळखायची आणि तिचा अंदाज सहसा चुकत नसे.

"बालविभागाची पुस्तकं राहिली का?" त्यांनी पडद्याकडे बघत विचारलं.

"नाही. आहेत त्या मुलांना जुनी पुरतील. नवी मुलं येणार नाहीत."

"का? लोक गाव सोडून चाललेत?"

"मोठ्यांची मागणी नेहमीइतकीच राहील."

"मग?"

"मुलं जन्मणार नाहीत. दवाखान्याच्या आणि बोअरच्या पाण्याच्या नोंदींवरून तसं दिसतं."

"हे कुणाला सांगितलंस?"

"माझ्याकडे फक्त पुस्तकखरेदी आहे."

तेवढ्यात शेजारच्या गल्लीतली नसीमा आत आली. तिला तिसरा महिना होता. "ताई, बाळासाठी चित्रांची पुस्तकं आत्ताच बघून ठेवते," ती लाजत म्हणाली.

वृषालीताई तिच्याकडे वळल्या. "पाणी कुठलं पितेस गं?"

"बोअरचंच. सगळं गाव तेच पितं की."

वृषालीताईंनी भर दुपारी वाचनालयाला कुलूप लावलं आणि तिचा हात धरला. "चल, आधी डॉक्टरांकडे. मग पंचायतीत जाऊन तो पंप बंद करायला लावते."

नसीमा घाबरली. "आणि पुस्तकं?"

"ती मी मागवते," वृषालीताई म्हणाल्या. "यंत्रणेला न विचारता."