मूळ कारण

बळीरामचा उजवा पंजा कापसाची सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या रोलरनं नेला, त्याची चौकशी दिग्रसला कारखान्याच्या अंगणातच बसली. चूक मशीनची निघाली तरच भरपाई मिळणार होती. म्हणून शकुबाई नवऱ्याला खेटून, जीव मुठीत धरून बसली होती. मूळ कारण सापडेपर्यंत ‘का’ विचारत राहायचं, अशी चौकशीच्या साहेबांची रीत.

“मशीन चालू असताना हात का घातला?”

“कापूस अडकलता,” बळीराम म्हणाला.

साहेबांनी पेन ठेवला तशी शकुबाई कळवळली. “थांबू नोका साहेब, तुमच्या पाया पडतो! काहून अडकला तेबी इचारा!”

“ओला होता जी,” मुकादम म्हणाला. “वजन भरावं म्हून लोक पाणी मारते. कोणाचा ते कयते. हिरव्या लुगड्यात बांधून आलता, लुगडं पडलं आहे आतमंदी. आणू काय?”

शकुबाईनं पदर तोंडाशी धरला. गावात आलेल्या व्यापाऱ्याला अपघाताच्याच आठवड्यात तिनं घरचा कापूस विकला होता. नवरा कामावर गेल्यावर बादलीभर पाणी शिंपडून, आपल्याच हिरव्या लुगड्यात बांधून.

“आणा,” साहेब म्हणाले.

मुकादम उठला. बळीरामनं एकवार बायकोच्या तोंडाकडं बघितलं आणि डाव्या हातानं मुकादमाचं धोतर धरलं.

“राहू द्या. कापूस सुकाच होता, साहेब. मले डुलकी लागलती. चूक माही आहे, लिहून घ्या.”