मुखड्याआधीचा श्वास

संगीतकार सदूभाऊ रेगे गेले, यात त्यांचे प्रतिस्पर्धी नाबर यांचा फायदाच होता. लावणी असो, भजन असो की साबणाची जाहिरात, संगीतासाठी पहिला फोन आता नाबरांनाच येणार होता. शोकसभेत सर्वांत जास्त तेच रडले, ते उगीच नाही.

पुढच्याच आठवड्यात नाबरांचं रेकॉर्डिंग होतं. गायिका मुखडा उचलणार, तोच सगळी वाद्यं थांबली. तिचा श्वास तेवढा ऐकू आला. ही सदूभाऊंची जुनी खोड.

“थांबलात का?” नाबर खेकसले.

“सवय, साहेब,” ढोलकीवाला म्हणाला. “सदूभाऊ म्हणायचे, बाई श्वास घेते तेव्हा पुरुषांनी गप्प बसावं.”

“ते गेले. आता मी सांगेन तसं वाजवा.”

वाद्यं न थांबता वाजली. गायिकेचा पहिला शब्द गोंगाटात बुडाला. पुन्हा घेतलं, पुन्हा बुडाला. तिसऱ्यांदा मुखडा जवळ आला तसा एक हात वर गेला आणि सगळे गप्प झाले. शब्द लख्ख उमटला.

हात नाबरांचाच होता.

“वा साहेब, अगदी त्यांच्यासारखं!” ढोलकीवाला खुशीत ओरडला.

गाणं बाईंना मिळालं, वाहवा सदूभाऊंना. खर्ची पडला तो नाबरांचा तोरा, आणि तो त्यांनी स्वतःच काढून दिला.