राखीव खेळाडू

होणाऱ्या जावयाविरुद्धचा शेवटचा सामना जिंकला तर वेंडेलचा दुहेरी फायदा होता: त्याचा संघ तळातून सुटणार आणि जावई कोंबडा होणार. डेटनमधल्या घरच्या फँटसी बास्केटबॉल लीगचा, म्हणजे खऱ्या खेळाडूंच्या गुणांवर फोनवर खेळायच्या स्पर्धेचा, नियमच होता, तळाला राहील त्याने कुटुंबातल्या पुढच्या समारंभात कोंबड्याचा पोशाख घालायचा. पुढचा समारंभ लग्नाचाच. “बाबा, माझा नवरा तुरा लावून उभा राहणार?” टेसाने विचारलं. “नावं गोड म्हणून खेळाडू निवडतो. भोगू दे,” वेंडेल म्हणाला. रविवारी त्याचा हुकमी खेळाडू खऱ्या मैदानात बरसला, पण फोनवरच्या संघात वेंडेलने त्याला राखीवच ठेवलेलं. गुण मिळालेच नाहीत. “विसरलो गं. वय झालं,” हंगामभर काही न विसरलेला वेंडेल म्हणाला. लग्नात भलामोठा कोंबडा नवरीचा हात धरून, वेदीपाशी थांबलेल्या नवऱ्याकडे चालत आला. तिथे पोचल्यावर टेसाने बाबांचा कललेला तुरा सरळ केला, मगच हात सोडला.