बाकीच्या मेंढरांजवळ

"थांबा पाळक," मागच्या बाकावरून रखमाजी बोलला. "जरा थांबा."

दौंडच्या लहान चर्चमध्ये रविवारची उपासना चालली होती. पाळक शांतवन हरवलेल्या मेंढराचा दाखला सांगत होते. शंभरातलं एक हरवतं, मेंढपाळ बाकीची रानात सोडून त्याला शोधायला जातो, खांद्यावर घेऊन येतो, शेजाऱ्यांना हाका मारून आनंद करतो. गिताबाईची आठवण म्हणून त्यांनी तोच दाखला निवडला होता. सहा वर्षं ती भांडगावहून एसटीनं इथं यायची. मंगळवारी वारली. तिचा नवरा रखमाजी आज पहिल्यांदाच चर्चच्या आत आला होता. पटका मांडीवर ठेवून बसला होता.

"काय झालं, आबा?"

"त्यो गडी एका मेंढराच्या मागं गेला. नव्याण्णव रानात ऱ्हायली. बरुबर?"

"बरोबर."

"मग त्यांच्यापाशी कोण व्हतं?"

पाळकांनी हातातल्या पुस्तकात पाहिलं. "ते लिहिलेलं नाही."

"असं कसं? तुमच्या त्या मुलखात लांडगं न्हाईत?"

पुढच्या बाकावर कुणीतरी हसलं. गिताबाईच्या शेजारी बसणारी धुरपदा म्हणाली, "गिताबाईबी ह्या दाखल्याला हसायची. का गं इचारलं, तर म्हणायची, पाळकांनी जल्मात मेंढरू राखलं न्हाई."

सगळेच हसले. पाळकही हसले. रखमाजी उठून उभा राहिला.

"मी सांगतो कोण व्हतं. बायकू व्हती त्याची. न्हाईतर कुठला धनगर नव्याण्णव मेंढरं टाकून जाईल? येडा हाय का त्यो? मागं कुणीतरी हाय, म्हून तर जातो."

हसणं थांबलं.

"मंगळवारी आमचं एक कमी भरलं. ही म्हणाली, जा तुमी, मी हाय. गेलो. कासुर्डीच्या वढ्यात गावलं मेंढरू. दिवस बुडताना खांद्यावर घिऊन आलो. समदी मेंढरं जाळीत कोंडल्याली. जाळीचं तोंड नीट बांधल्यालं. आन् ही भाईर पडल्याली."

त्यानं बाकाची पाठ धरली.

"अंग गार झालं व्हतं. दुपारीच गेली का सांजच्याला, कुणाला ठावं? मीबी हाका मारल्या शेजाऱ्यांस्नी. मेंढरू खांद्यावरच व्हतं तवा. खाली ठिवायचं सुचलं न्हाई."

पंखा फिरत होता.

"मला दुसरं काय नको, पाळक. देव बी त्या हरवलेल्याच्याच मागं जातो म्हंता. मग जी जाग्यावर ऱ्हायली, तिच्यापाशी तवा कोण व्हतं? एवढं सांगा. मी जातो."

पाळकांनी पुस्तक मिटलं. ते खाली उतरले, बाकांमधून मागं आले आणि रखमाजीच्या शेजारी बसले. त्यालाही हात धरून बसवलं.

पाळक हळू आवाजात म्हणाले, "इतक्या लांबून आलात, आबा. उन्हं चढलीत. आज मेंढरांजवळ कोण आहे?"

"बायकू हाय की," रखमाजी म्हणाला. "सांगून आलोय तिला, दुपारच्याला पाण्यावर ने म्हून."

पाळकांचा हात त्याच्या हातावर तसाच राहिला. धुरपदानं पदर तोंडात धरला. पुढच्या बाकांवरची माणसं एकेक करून मागं वळली.

सगळ्यांत शेवटी रखमाजीला आपलं बोलणं ऐकू आलं.