हेराची मार्टिनी

बळवंतरावांनी चाळीस हेरकथा लिहिल्या, पण स्वतः कधी दारूच्या थेंबाला शिवले नाहीत. कथेतल्या हेराने मार्टिनीचा पेला उचलला, की ते स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडायचे, "प्रभा, कशी लागत असेल गं?"

"आधी जिभेवर गार सुरी फिरते, मग कानशिलं तापतात," पोळ्या लाटता लाटता प्रभाताई सांगायच्या. बळवंतराव ते जसंच्या तसं उतरवून घ्यायचे. वाचक त्या वर्णनांवर फिदा होते आणि बळवंतराव बायकोच्या कल्पनाशक्तीवर.

यंदा दोघं कॅनडात हॅलिफॅक्सला लेकीकडे आले. जावई त्यांना हट्टाने बंदरावरच्या बारमध्ये घेऊन गेला. "बाबा, एक सिप तरी ट्राय करा!"

बळवंतरावांनी डोळे मिटून मार्टिनीचा घोट घेतला आणि थक्क झाले. गार सुरी. मग कानशिलं.

"प्रभा, अगदी तू सांगायचीस तश्शीच! पण तुला गं कसं कळलं?"

प्रभाताईंनी पेला पुढ्यात ओढला, शांतपणे रिकामा केला आणि त्यातलं ऑलिव्ह तोंडात टाकलं.

"अहो हेरकथाकार, दर मंगळवारी आमचं भजनी मंडळ कुठे जमायचं, याचा शोध घेतलात कधी?"